वाचकांचे प्रश्न : करार वाढवावा की घरी परतावे?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मूळचा चिपळूण तालुक्यातला असून माझे वय ४७ आहे. २०१२ पासून दुबईत नोकरी करतो आणि सध्याच्या कंपनीत मार्च २०१५ पासून आहे. मोठ्या इमारतींच्या गच्चीवरचे चिलर (पाणी थंड करणारी मोठी यंत्रे) आणि त्यांना जोडलेली एसीची यंत्रणा सांभाळणे हे आमचे काम. टेक्निशियन म्हणून लागलो, आता सुपरवायझर आहे. पगार ५,२०० दिरहम, त्यात बेसिक (मूळ वेतन) ३,००० दिरहम. राहायला अल कूझमध्ये कंपनीची खोली आहे, त्यामुळे स्वतःवर महिन्याला हजार दिरहमच्या आत खर्च होतो. घरी दरमहा साधारण ४५,००० रुपये पाठवतो आणि उरलेले मागे टाकतो. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात सुमारे २२ लाखांच्या ठेवी आहेत. जुलै २०२१ च्या पुरात घराचे फार नुकसान झाले; त्यासाठी काढलेले कर्ज गेल्या वर्षी फिटले. आता कोणाचे देणे नाही.

घरी पत्नी, ७४ वर्षांची आई, यंदा दहावीला असलेली मुलगी आणि सहावीतला मुलगा आहे. माझा करार मार्च २०२६ मध्ये संपतो आणि कंपनी आणखी दोन वर्षांचा करार करायला तयार आहे. ‘आता शेवटची दोन वर्षे’ असे मी २०१८ मध्येच घरी सांगितले होते. पण मग करोना आला, मग पूर, मग कर्ज. पुराच्या रात्री घरचे सगळे माळ्यावर बसून होते आणि मी इथून फोन लावत होतो. भारतातून इकडे येणाऱ्यांना त्या दिवसांत प्रवेश बंद होता. गेलो असतो तर नोकरीवर परतता आले नसते, म्हणून गेलो नाही.

दोन वर्षांपासून मला मधुमेह आहे आणि उन्हाळ्यात गच्चीवरचे काम पूर्वीसारखे झेपत नाही. परतावेसे वाटते, पण गावी जाऊन करू काय? माझे वडील मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी आले आणि पुन्हा कधी धड कामाला लागले नाहीत. त्यांना ओटीवर बसून राहिलेले पाहत मी मोठा झालो. मुलीला इंजिनीअर व्हायचे आहे, तो खर्च समोर दिसतो. आई दर फोनला ‘कधी येतोस’ एवढेच विचारते. पत्नी म्हणते, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ इथले मित्र म्हणतात, मिळते आहे तोवर सोडू नकोस. मी काय करावे?
— एक वाचक, दुबई

उत्तर : तुम्ही पत्रात आकडे मोकळेपणाने दिले आहेत, त्यामुळे मला अंदाजाने बोलावे लागणार नाही. आधी त्या आकड्यांचाच विचार करू, कारण मित्रांच्या सल्ल्याचा सगळा भार पैशावर आहे आणि तो भार खरोखर किती आहे हे एकदा मोजून पाहिले पाहिजे.

दिरहमचा भाव सोयीसाठी २३ रुपये धरतो. आजचा भाव त्याहून थोडा वर आहे, पण असा हिशेब हात राखूनच करावा. हजार दिरहम स्वतःसाठी ठेवून उरणाऱ्या ४,२०० दिरहमचे ९६,००० रुपयांच्या वर होतात. घरचे ४५,००० वजा केले तर महिन्याला ५० हजारांच्या आसपास मागे पडतात. रजेच्या प्रवासाचा आणि घरी नेण्याच्या वस्तूंचा खर्च काढला, तर दोन वर्षांत शिल्लक पडेल ती सुमारे ११ लाख. ही रक्कम लहान नाही. तुमच्यासारखे काम करणाऱ्या माणसाला चिपळुणात बसून दोन वर्षांत तेवढी शिल्लक टाकणे अवघड आहे, आणि तसे नाही असे मी तुम्हाला सांगणार नाही.

त्यात ग्रॅच्युइटी आणखी किती भर घालेल, हेही पाहू, कारण ‘ग्रॅच्युइटी वाढते आहे, थांब’ हे वाक्य आखातातल्या प्रत्येक खोलीत ऐकू येते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचे वेतन मिळते. ते एकूण पगारावर नव्हे, तर शेवटच्या बेसिकवर मोजतात, आणि एकंदर रक्कम दोन वर्षांच्या वेतनापेक्षा जास्त होऊ शकत नाही. तुमचे एका दिवसाचे बेसिक १०० दिरहम. मार्च २०२६ मध्ये तुमची अकरा वर्षे पूर्ण होतील, म्हणजे पहिल्या पाच वर्षांचे १०,५०० आणि पुढच्या सहा वर्षांचे १८,०००, असे मिळून २८,५०० दिरहम, साधारण साडेसहा लाख रुपये. आणखी दोन वर्षे थांबलात तर त्यात फक्त ६,००० दिरहमची, म्हणजे सुमारे १ लाख ३८ हजार रुपयांची भर पडेल. एवढ्यासाठी कोणी घरापासून दोन वर्षे दूर राहू नये. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कामगार कायद्यात स्वतः राजीनामा देणाऱ्याची ग्रॅच्युइटी कापली जात नाही. पूर्वी ती कापली जात असे, आणि त्या जुन्या नियमाची भीती अजून अनेकांच्या मनात आहे. तुमच्याही मनात असेल तर ती काढून टाका.

पगाराबद्दल एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. तुम्ही या कंपनीत लागलात तेव्हा, २०१५ च्या मार्चमध्ये, एका दिरहमला १७ रुपयांच्या आसपास मिळत होते. तेव्हापासून घरी जाणारी रक्कम वाढत गेली ती काही अंशी तुमच्या बढतीमुळे आणि काही अंशी रुपया उतरल्यामुळे. रुपया उतरल्याने वाढलेले उत्पन्न ही तुमच्या कामाची वाढ नव्हे, आणि त्याच काळात चिपळूणमधला किराणा, शिकवणी, औषधे यांचे भावही चढले आहेत. ‘इथे अजून माझी प्रगती होते आहे’ असे वाटत असेल, तर गेल्या पाच वर्षांत दिरहममधला बेसिक किती वाढला ते एकदा कागदावर लिहून पाहा.

आता मुलीच्या शिक्षणाकडे येतो, कारण तुमच्या पत्रातला पैशाचा खरा प्रश्न तोच आहे. ती मार्च २०२६ मध्ये दहावी होईल आणि इंजिनीअरिंगचा खर्च सुरू होईल २०२८ च्या पावसाळ्यात. अकरावी-बारावीची दोन वर्षे तुलनेने कमी खर्चाची; मोठा खर्च त्यानंतरची चार वर्षे चालेल, आणि तो संपतो न संपतो तोच मुलाचा सुरू होईल. तुम्ही २०२८ पर्यंत दुबईत राहिलात, तर पन्नाशीच्या उंबरठ्यावर घरी पोहोचाल आणि नेमका त्याच वर्षी पहिली फी भरावी लागेल. गावी नवे काम उभे राहायला दीड-दोन वर्षे जातात. नोकरी शोधा की स्वतःचा धंदा करा, ती जातातच. ही जम बसवण्याची वर्षे कमी खर्चाच्या काळात काढायची की ऐन फीच्या काळात, हा विचार मित्रांच्या सल्ल्यात कुठेच नाही. माझ्या मते तुमच्या निर्णयात सर्वात जास्त वजन याच गोष्टीला हवे. ११ लाख जास्त घेऊन आलेला, पण ५० व्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात करणारा माणूस, आणि थोडे कमी घेऊन आलेला, पण २०२८ पर्यंत कामात रुळलेला माणूस, यांपैकी दुसऱ्याच्या हातून चार वर्षांची फी अधिक बिनघोर भरली जाईल.

वडिलांबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत, पण सगळे पत्र त्या ओळींभोवती फिरते आहे, असे मला वाचताना वाटत राहिले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या संपाने मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा रोजगार थांबवला आणि त्यांपैकी असंख्य लोक कोकणातल्या आणि घाटावरच्या गावी परतले. परतण्याची तारीख त्यांनी ठरवलेली नव्हती. मागे शिल्लक नव्हती, हातचे कौशल्य मागाशी बांधलेले होते आणि गावात माग नव्हता. तुमचे वडील ओटीवर बसून राहिले त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्यापुढचे काम एका फटक्यात नाहीसे झाले होते. त्यांचे ते बसणे तुम्ही लहानपणी पाहिले आणि ‘गावी परतणे म्हणजे असे बसणे’ अशी सांगड तुमच्या मनात पडून गेली. मला ती फार समजण्यासारखी वाटते. पण तुमची परिस्थिती तशी नाही. तुमच्या डोक्यावर कर्ज नाही, हातात शिल्लक आहे, तारीख तुम्हाला ठरवता येते आणि तुमचे काम गावाजवळ आहे.

ते कुठे आहे, ते सांगतो. चिपळूण आणि खेड यांच्या मध्ये लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आहे. तिथले बहुतेक कारखाने रासायनिक आहेत, आणि रसायनांच्या कारखान्यात रिअॅक्टरचे, म्हणजे रासायनिक प्रक्रिया होते त्या टाकीचे, तापमान ताब्यात ठेवायला चिलिंग प्लांट लागतो. तो बंद पडला तर उत्पादन थांबते. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराच्या आधाराने चालणारे बर्फाचे कारखाने आणि मासळीची शीतगृहे आहेत. गुहागर, दापोली, गणपतीपुळे इथे पर्यटकांसाठी हॉटेले वाढत आहेत. स्प्लिट एसी दुरुस्त करणारी मुले आज प्रत्येक बाजारपेठेत आहेत, पण मोठ्या चिलरचा कॉम्प्रेसर उघडून पुन्हा बसवलेला, देखभालीच्या नोंदी ठेवायची सवय असलेला आणि हाताखालच्या माणसांकडून काम करून घेतलेला माणूस कारखान्याला तेवढ्या सहज मिळत नाही. तुम्ही नोकरी करावी की वार्षिक देखभालीची कंत्राटे घ्यावीत, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही स्वतः त्या कारखान्यांच्या फाटकातून आत जाऊन मेंटेनन्स मॅनेजरशी बोललात, तरच ते कळेल. पगार दुबईच्या निम्माही मिळणार नाही, ही तयारी ठेवा. मात्र घरचा खर्च निघाला आणि शिल्लक मोडावी लागली नाही, एवढे साधले तरी तुमचे गणित बसते.

म्हणून पुढची वार्षिक रजा गणपतीला घेऊन दहा दिवस पाहुण्यांच्या राबत्यात घालवू नका. कारखाने आणि कचेऱ्या सुरू असतील अशा दिवसांत या आणि त्यातले काही दिवस लोट्याला, काही रत्नागिरीला द्या. धंद्याचा विचार असेल तर रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन त्या वेळी चालू असलेल्या कर्ज-अनुदान योजनांची चौकशी करा. अशा योजनांत वयाची अट असू शकते, ती आधी पाहा. केरळ सरकारने १९९६ मध्येच परदेशी गेलेल्या आपल्या माणसांसाठी ‘नोर्का’ हे स्वतंत्र खाते काढले आणि परतणाऱ्यांच्या व्यवसायासाठी पुढे योजनाही आणल्या. कोकणातून आखातात गेलेल्यांची संख्या लक्षात घेता आपल्याकडेही अशा कामाला जोर यायला हवा, असे मला मनापासून वाटते. तोवर ही खटपट तुमची तुम्हालाच करावी लागेल.

आता पत्नीविषयी. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ हे मत नव्हे. १३ वर्षे दूर असलेल्या नवऱ्याला मुक्कामाबद्दल काही सांगितले, तर तो राहिला तरी आणि आला तरी दोष आपल्यावर येईल, अशी धास्ती त्या वाक्यात असू शकते. ‘या’ म्हणावे तर मुलांच्या भविष्यावर पाणी सोडल्याचा ठपका, ‘थांबा’ म्हणावे तर पैशासाठी नवऱ्याला उन्हात ठेवल्याचा. कोणती बाई याचे मोकळे उत्तर देईल? पुराच्या रात्री सासूला आणि दोन मुलांना घेऊन माळ्यावर बसून राहिलेली, नंतर चिखल उपसून घर पुन्हा उभे केलेली बाई ती आहे. बँक, शाळा, दवाखाना, गवंडी हे सगळे तिने एकटीने केले. तिला ‘मी काय करू’ असे विचारू नका. तिच्यासमोर ठेवींचा, ग्रॅच्युइटीचा आणि घरखर्चाचा कागद ठेवा आणि ‘तू माझ्या जागी असतीस तर कोणत्या वर्षी आली असतीस’ असे विचारा. आकडे हातात नसलेल्या माणसाकडून मत मागणे हा अन्याय आहे, आणि आखाती घरांत तो अगदी नकळत होतो. हे बोलणे फोनवर उरकू नका. रजेत, मुले झोपल्यावर, दोन-तीन रात्री सलग करा. त्याच बोलण्यात हेही निघू द्या की तुम्ही परतल्यावर घरातले निर्णय कोण घेणार. घर आज तिच्या शिस्तीने चालते. परतलेल्या पुरुषाने पहिल्याच महिन्यात ती शिस्त मोडायला घेतली, की ज्या घरासाठी तो परतला त्याच घरात तो परका ठरतो. मुलगा सहावीत आहे; त्याने वडिलांना रजेपुरतेच पाहिले आहे, त्यामुळे त्यालाही वेळ द्यावा लागेल.

माझा सल्ला असा आहे. मार्च २०२६ मध्ये करार करा, पण मे २०२७ मध्ये परत या, आणि ही तारीख सही करण्याआधी घरी सांगा. दोन वर्षांच्या करारावर सही केली म्हणजे दोन वर्षे अडकलो, असे होत नाही. करारात लिहिलेली नोटीस, जी कायद्याने ३० ते ९० दिवसांची असते, ती देऊन तुम्हाला बाहेर पडता येते. कंपनीशी संबंध चांगले असतील, तर एका वर्षाचाच करार मागून पाहायलाही हरकत नाही. या काळात निदान साडेपाच लाख आणखी शिल्लक पडतील, रजेत काम शोधून होईल आणि बारावीच्या वर्षी तुम्ही मुलीजवळ असाल. मात्र पत्नीने सगळे आकडे पाहून ‘याच मार्चमध्ये या’ असे सांगितले, तर माझ्या सल्ल्यापेक्षा तिचे ऐका. २२ लाखांच्या ठेवी आणि साडेसहा लाखांची ग्रॅच्युइटी एवढ्या आधारावर, कर्ज नसलेल्या घराला ते पेलता येईल. दुसऱ्या बाजूने, मे २०२७ जवळ आल्यावर पुन्हा काही कारण निघेल, हे गृहीत धरा. ते खरे संकट असेल तर तारीख बदलावी लागेलही; पण ‘एवढे झाले की मग’ अशा प्रकारचे असेल तर बदलू नका. २०१८ पासून तुम्ही जी कारणे दिली आहेत, त्यांतली करोना, पूर आणि कर्ज ही खरी होती. आज तुमच्यापुढे त्या तोडीचे एकही कारण नाही.

मधुमेहाकडे मात्र २०२७ ची वाट न पाहता आजच लक्ष द्या. तिकडे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे, पण गच्ची साडेतीनलाही तापलेलीच असते. सुपरवायझर म्हणून तुम्हाला कामाची वाटणी बदलून घेता येत असेल तर या उन्हाळ्याआधी घ्या. त्यात कमीपणा नाही. कंपनीचा आरोग्य विमा व्हिसाबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा भारतात आताच काढा आणि मधुमेह आहे हे अर्जात स्पष्ट लिहा. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावू शकते. ती मुदत आज सुरू झाली तर तुम्ही परत येईपर्यंत तिचा काही भाग संपलेला असेल. आईचे वय सत्तरच्या पुढे आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. आईचे कार्ड काढलेले नसेल तर पत्नीला या आठवड्यात काढून घ्यायला सांगा.

पैशाच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. ग्रॅच्युइटी आधी दुबईतल्या खात्यात घ्या आणि मग भारतात पाठवा. इतकी वर्षे अनिवासी राहिल्यामुळे परतल्यावर पहिली साधारण दोन वर्षे आयकराच्या दृष्टीने तुम्ही निवासी पण ‘सामान्यतः निवासी नसलेले’ गणले जाल, आणि त्या काळात परदेशात मिळालेल्या परदेशी उत्पन्नावर इथे कर लागत नाही. तेच उत्पन्न थेट भारतातल्या खात्यात आले, तर प्रश्न उभा राहू शकतो. एनआरई ठेवींवरचे करमुक्त व्याज मात्र कायमचे परतलात की थांबते, आणि खाते निवासी करून घेण्यासाठी बँकेला कळवणे तुमच्यावर बंधनकारक असते. अनेक जण ते वर्षानुवर्षे कळवत नाहीत आणि पुढे कराच्या नोटिशीला तोंड देतात. येण्याआधी चिपळूण किंवा रत्नागिरीतल्या सनदी लेखापालाला सगळे कागद दाखवा. तिकडून निघताना क्रेडिट कार्ड आणि बँकेचे देणे पूर्ण फेडून तसा लेखी दाखला घ्या. कंपनीकडून अनुभवाचा दाखलाही घ्या. तो विनामूल्य देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि लोट्याच्या मॅनेजरसमोर तोच तुमच्या उपयोगी पडेल. त्यात नुसते ‘सुपरवायझर’ असे न लिहून घेता कोणत्या क्षमतेचे चिलर सांभाळले आणि हाताखाली किती माणसे होती, तेही लिहून घ्या. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी मिळाली पाहिजेत, असा कायदा आहे. ती खात्यात जमा झाल्याचे पाहूनच विमानात बसा.

आईला मात्र आजच फोन करून ‘२०२७ च्या मे महिन्यात’ असे सांगू नका. पत्नीशी बोलणे झाल्यावर, दोघांनी मिळून सांगा.

प्रश्न : मी नाशिकची, वय ३०, म्युनिकमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या परवान्यावर) येऊन १९ महिने झाले आणि जर्मन भाषेची बी१, म्हणजे मध्यम पातळीची, परीक्षा मी उत्तीर्ण झाले आहे. पुण्यातल्या एका कंपनीने मनासारखे काम देऊ केले आहे, पण त्यांना मी महिन्याभरात रुजू व्हायला हवे आहे. आईवडिलांचे वय होत चालले असल्याने मला परतायचेच आहे. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी थांबण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : आहे, आणि तुम्ही थांबावे असे मी स्पष्टपणे सांगेन. बी१ पातळीची भाषा येत असेल, तर ब्लू कार्डधारकाला २१ महिन्यांच्या नोकरीनंतर आणि तेवढ्या पेन्शन वर्गणीनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. फक्त ए१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळी, असेल तर २७ महिने लागतात. तुमचे दोन महिने उरले आहेत. वरच्या पत्रातल्या गृहस्थांना मी तारीख बांधून घ्यायला सांगितले, कारण त्यांच्या थांबण्याला शेवट नव्हता. तुमच्या थांबण्याला शेवट आहे आणि त्या शेवटी हातात काहीतरी पडणार आहे, त्यामुळे दोन्हींना एक माप लावता येत नाही.

परवाना मिळाल्यावर तुम्ही काही काळासाठी भारतात आलात, तरी तो लगेच जात नाही. मात्र बाहेर राहण्याच्या काळाला मर्यादा असते; तुमच्यासाठी ती किती, हे निघण्याआधी म्युनिकच्या कार्यालयात विचारून घ्या. म्हणजे पुण्यातले काम आणि घरची परिस्थिती त्या मुदतीत पाहून, जमले नाही तर परत जाण्याची वाट तुमच्यासाठी खुली राहते. आज निघालात तर पुढे कधी जर्मनीत जावेसे वाटल्यास व्हिसापासून सगळे पुन्हा करावे लागेल. पेन्शनचा विचार मात्र यात आणू नका. तिचा हक्क ६० महिन्यांच्या वर्गणीनंतर मिळतो आणि तेवढ्यासाठी थांबणे म्हणजे परतण्याचा तुमचा निर्णयच बदलणे होईल.

एक काळजी घ्या. २१ महिने भरताच अर्ज करा, पण परवाना प्रत्यक्ष हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका. म्युनिकच्या कार्यालयात वेळ लागू शकतो, म्हणून कागदपत्रे आताच जमवा : पेन्शन वर्गणीचा उतारा, भाषेचे प्रमाणपत्र, मालकाचे पत्र, घराचा भाडेकरार. तुमच्या करारातली नोटीस किती महिन्यांची आहे तेही पाहा; जर्मनीत ती बहुधा तीन महिन्यांची असते, त्यामुळे महिन्याभरात रुजू होणे तुम्हाला तसेही जमणारे नव्हते. पुण्याच्या कंपनीला ही अडचण आणि परवान्याचे कारण दोन्ही सरळ सांगा आणि पाच-सहा महिने मागून घ्या. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना ९० दिवसांच्या नोटिशीची सवय आहे. तुम्ही खरोखर हव्या असाल तर ते थांबतील. त्यांनी नकार दिला, तर परवाना हातात घेऊन दुसरी नोकरी शोधा. आईवडिलांना मात्र महिना नेमका सांगा, म्हणजे त्यांना तुमच्या येण्याची तयारी करता येईल.